तोच हा लक्ष्या?

"पप्पा, तुम्ही बाहुल्याला भ्यायला गेला होतात आणि तोंड पाडून आलात," असं माझा मुलगा मला अजून चिडवतो. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. जून २०१३. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला २' नुकताच लागला होता आणि तोही थ्रीडीत, म्हणून आम्ही बापलेक जालन्याहून एसटीनं औरंगाबादला गेलो. तेव्हा औरंगाबादच होतं. तात्या विंचू हा बाहुला अंगावर आल्यासारखा झाला की पोरगं किंचाळायचं, काळा चष्मा नाकावरून घसरायचा, तो वर ढकलून पुन्हा किंचाळायला तयार. मी मात्र अर्धा सिनेमा पडद्यावर एका माणसाला शोधत बसलो होतो. तो तिथं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. लक्ष्मीकांत बेर्डे, आमचा लक्ष्या, १६ डिसेंबर २००४ ला गेले, त्या दिवशी मी फिल्डवरून परत येताना बसस्टँडवर बातमी ऐकली आणि चहा तसाच ठेवून उठलो होतो. तरी साडेआठ वर्षांनी मी तिकीट काढून त्यांना शोधायला गेलो होतो. सापडले नाहीत, म्हणून सिनेमावर रागावून आलो.

हा राग कुणावरचा, हे मला बरीच वर्षं उलगडलं नाही. एका सिनेमावर एवढा विचार करणं साठीकडं झुकलेल्या माणसाला शोभत नाही, असं घरचे म्हणतात. पण माझ्या मते हा सिनेमाचा प्रश्न कमी आणि पोथीचा जास्त आहे. गेलेलं तेच पुन्हा येतं का? आणि आलंच, तर ते तेच आहे हे ओळखायचं कशावरून?

माझी नोकरी बियाण्यात गेली. जालन्यात त्यात काही नवल नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि मधल्या काळात बियाण्याच्या लहानमोठ्या कंपन्यांनी या गावातल्या माझ्यासारख्या कितीतरी पोरांना मोटारसायकल आणि पगार दिला. मी अशाच एका कंपनीत फिल्डवर होतो. भोकरदन, जाफराबादकडं कपाशीचे सीड प्लॉट असायचे. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. संकरित बी शेतात आपोआप तयार होत नाही. संध्याकाळी बाया ओळीओळीनं फिरून उद्या उमलणारी कळी हेरतात, नखानं तिच्यातले नर काढून टाकतात, खूण करून ठेवतात. सकाळी ऊन चढायच्या आत दुसऱ्या वाणाचं नरफूल आणून तिच्यावर फिरवतात. एकेका फुलाला दोनदा हात लागतो. हजारो फुलं. त्यातून जी सरकी निघते तिच्यातून पुढच्या साली एकसारखी, तरारलेली, बोंडांनी लदलेली कपाशी उभी राहते. बाप एका जातीचा, आई दुसऱ्या जातीची, आणि लेकरू दोघांपेक्षा सरस.

आता गंमत अशी की त्या सरस लेकराचं बी शेतकऱ्यानं घरात ठेवलं आणि पुढच्या साली पेरलं, तर वावर बिघडतं. एक झाड छातीएवढं, शेजारचं गुडघ्याएवढं, एक आजोबावर गेलेलं, एक कुणावरच नाही. सगळी एकाच रक्ताची, पण पहिल्या वर्षीचा मेळ गेलेला. माझी उमेदीची वर्षं हे समजावण्यात गेली. "साहेब, मागच्या साली याच बियानं पंधरा क्विंटल दिलं, औंदा काय धाड भरली?" असं विचारणाऱ्या म्हाताऱ्यांना मी सांगायचो, बाबा, बी वाईट नाही. पण तुम्हाला जे आवडलं होतं ते बी नव्हतंच. तो दोघांचा मेळ होता. तो पुन्हा हवा असेल तर तेच आईबाप पुन्हा एकत्र आणावे लागतात, तेच हात लावावे लागतात. त्याला दुसरी वाट नाही.

सोयाबीनचं तसं नाही. ते सरळ वाण. स्वतःचं स्वतःत फळतं. आजही आमच्याकडं लोक घरचं सोयाबीन निवडून, उगवण तपासून पेरतात आणि साल दरसाल तेच पीक येतं.

'झपाटलेला' संकरित होता हे मला २०१३ नंतर कळलं. १९९३ साली मी जालन्यातल्या एका टॉकीजमध्ये तो पाहिला तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि असलं काही कळत नव्हतं. आज मागं वळून पाहतो तर एकेक आईबाप ओळखू येतात. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या इंग्रजी सिनेमातला झपाटलेला बाहुला तर उघडच दिसतो. त्यावर बाप म्हणून बसले बोलक्या बाहुल्यांचे रामदास पाध्ये, ज्यांच्या घरात अर्धवटराव हा बाहुला वडिलांपासून नांदत आलेला. त्यात दिलीप प्रभावळकरांचा तो घशातून खरवडून काढलेला आवाज. त्यात श्रीरंगपूर नावाचं एक गाव, जिथं चौकी, हवालदार, आई, शेजारी सगळं आपल्या ओळखीचं. आणि या सगळ्याच्या मधोमध लक्ष्या. लक्ष्याची भीती ही खरी भीती नव्हती आणि खोटीही नव्हती. तो घाबरला की आपल्याला हसू यायचं, आणि आपण हसत असतानाच पाठीमागून भीती शिरायची. एवढं एक काम त्या माणसाशिवाय कुणाला जमलं नाही. त्यात भर आमची. टॉकीजचे पंखे बंद, बाकड्यांना ढेकूण, मध्यंतरात भजी, आणि आमच्यातल्या एकालाही बायको नाही, कर्ज नाही, गुडघेदुखी नाही. त्याच सालच्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला आणि मराठवाड्याला भीती म्हणजे काय ते निराळंच कळलं. सिनेमा त्याच्या आधीचा. आम्ही तेव्हा एका बाहुल्याला भिऊ शकत होतो.

हा मेळ पुन्हा कसा जुळणार? कोठारे तेच, पाध्ये तेच, प्रभावळकर तेच. लक्ष्याच्या जागी लक्ष्याचा मुलगा, आणि त्या भूमिकेत कोठारेंचा मुलगा आदिनाथ. म्हणजे पडद्यावर एकाचा वारस आणि पडद्यामागं दुसऱ्याचा. पोरानं काम वाईट केलं नाही, हे मी आज शांत डोक्यानं कबूल करतो. पण मला जे हवं होतं ते बियात उतरलेलं नव्हतं.

इथवर माझं मला कळलं. पुढचं आमच्या गावातल्या सप्त्यात कळलं.

आमचं गाव अंबड तालुक्यात. दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. एक कीर्तनकार महाराज येतात, आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत शिकलेले, माझ्याहून वयानं लहान, पण वेदान्त तोंडपाठ. जेवणानंतर ओट्यावर बसलो असताना मी त्यांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "भाऊ, हा देवदत्ताचा दृष्टान्त आहे."

तो दृष्टान्त असा. एका माणसाला तुम्ही वीस वर्षांपूर्वी पैठणच्या घाटावर पाहिलं. आज तोच जालन्याच्या मोंढ्यात भेटला. तुम्ही म्हणता, तोच हा देवदत्त. पण 'तो' तर तेव्हाचा, पैठणचा, काळ्या केसांचा. 'हा' आत्ताचा, जालन्याचा, टक्कल पडलेला. दोन्ही एक कसे? तर 'तेव्हा, तिथं' सोडून द्यायचं. 'आत्ता, इथं' हेही सोडून द्यायचं. दोन्हीकडचं सोडल्यावर जो निखळ उरतो तो देवदत्त एकच. जीव आणि ब्रह्म एक कसं, हे सांगायला वेदान्ती हा दृष्टान्त वापरतात. जीवाचं जीवपण सोडा, ईश्वराचं ईश्वरपण सोडा, उरतं ते एक.

मी विचारलं, "महाराज, मग लक्ष्याचं सांगा. १९९३ सोडलं, टॉकीज सोडलं, माझी बावीस वर्षं सोडली. इकडं २०१३ सोडलं, थ्रीडीचा चष्मा सोडला. काय उरलं?"

महाराज म्हणाले, "बाहुला."

आणि आम्ही दोघंही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्यातली खरी गोम कळली. वेदान्त जे सोडायला सांगतो, नेमकं त्याच्यावरच माझं प्रेम होतं. त्या वेळेवर, त्या जागेवर, त्या एका माणसाच्या डोळे विस्फारण्यावर. ते सगळं गाळून जे शिल्लक राहतं ते सिनेमावाल्यांना विकता येतं, कारण बाहुला, मंत्र, नाव आणि तो आवाज पुन्हा तयार करता येतो. म्हणून दुसऱ्या भागात नेहमी तेच भरलेलं असतं. आत्म्याच्या बाबतीत गाळून उरतं ते सर्वस्व. सिनेमाच्या बाबतीत गाळून उरतं ते खोकं.

महाराजांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मंडनमिश्रांच्या पत्नीनं, उभयभारतीनं, वादात संसाराचे प्रश्न विचारले तेव्हा शंकराचार्यांनी मुदत मागून घेतली आणि अमरुक नावाच्या नुकत्याच मेलेल्या राजाच्या देहात प्रवेश केला, अशी कथा शंकरदिग्विजयात येते. राजा उठून बसला. राज्य आधीपेक्षा चांगलं चालवू लागला. आणि त्यामुळंच राणीला आणि प्रधानांना संशय आला. राजा पहिल्यासारखा वाईट निघाला असता तर बिचारीनं खपवून घेतलं असतं! मला ही राणी फार ओळखीची वाटली. दुसऱ्या भागात तंत्र सुधारलेलं होतं, प्रकाश चांगला होता, बाहुला सफाईनं हलत होता, आणि जितकं चांगलं दिसत गेलं तितका माझ्या मनात संशय वाढत गेला.

शिवाय 'झपाटलेला'ची गोष्ट तरी काय आहे? एक गुंड, तात्या विंचू, मरायला तयार नाही. बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र शिकून घेतो, देह पडला तरी 'मी' राहिलो पाहिजे म्हणून बाहुल्यात शिरतो, आणि बाहुल्यातून लक्ष्याच्या देहात शिरायला धडपडतो. शेवटी दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागून संपतो. आम्ही टॉकीजमध्ये शिट्ट्या मारल्या. हाव संपली म्हणून मारल्या. आणि वीस वर्षांनी आम्हीच तिकिटाच्या रांगेत उभे, ती गोळी नीट लागलीच नव्हती असं कुणीतरी आम्हाला सांगावं म्हणून. पहिल्या भागात आम्ही लक्ष्याच्या बाजूनं होतो. दुसरा भाग मागणारा माणूस, त्याला कळो न कळो, तात्या विंचूच्या बाजूचा असतो.

ही हाव नवी नाही. वाल्मीकींच्या प्रचलित रामायणात युद्धकांडाच्या अखेरीस फलश्रुती येते. फलश्रुती म्हणजे ग्रंथ संपला, आता नारळ फोडा. तरी त्यानंतर उत्तरकांड आहेच, आणि ते मागाहून जोडलेलं असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' जुलै १९८८ ला संपलं तेव्हा पुढची गोष्ट दाखवा म्हणून उत्तर भारतातल्या काही शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला होता. त्यांची मागणी भक्तीची होती, आपल्या ऋषीचा त्या कथेतला वाटा दिसावा म्हणून होती. लवकुशांची मालिका आली. आमच्या गावात सरपंचांच्या वाड्यात एकच टीव्ही. आजी पहिल्या रामायणाला आंघोळ करून, टीव्हीला हळदकुंकू लावून बसायची. सीतेला वनात सोडतात तो भाग लागला तेव्हा ती मधूनच उठली. मी विचारलं, "काय झालं माय?" म्हणाली, "राम आला, दिवे लावले, झालं की. पुन्हा कशाला उकरायचं?" त्यानंतर ती त्या वाड्यात गेली नाही. सीतात्यागाचं उत्तर मोठमोठ्या पंडितांना नीट देता आलेलं नाही. आजीनं ते दिलं नाही, नुसती उठून गेली.

पण लगेच उलटी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझा हिशोब खोटा ठरेल. पैठण आम्हाला जवळ. एकनाथ महाराजांनी भावार्थ रामायण लिहायला घेतलं आणि युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आणलं. पुढचं गावबानं पूर्ण केलं, असं परंपरा सांगते. गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभानं नाथांच्या घरी येऊन राहिलेला पोरगा, ज्याला लोक खुळा समजायचे. आमच्याकडं चातुर्मासात भावार्थ रामायण लागतं. नाथ कुठं थांबले आणि गावबा कुठं सुरू झाला, ते ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही. कुणी निराश होऊन उठत नाही. असं का?

मी यावर बागाईतदाराचं उत्तर काढलंय. मोसंबीचं बी लावून कुणी बाग करत नाही. जंबेरीचा खुंट घेतात, त्यावर चांगल्या झाडाचा डोळा भरतात. खाली मूळ परकं, वर सगळी मोसंबी जुन्या झाडाचीच. फळाच्या जातीत खुंट स्वतःचं तोंड घालत नाही, पाणी तेवढं वर पोचवतो. गावबा खुंट झाला. त्यानं ग्रंथ पुढं नेला आणि ओवीत नाव नाथांचं ठेवलं. बाजारात दुसरा भाग काढताना कुणाला असं खुंट होणं परवडत नाही, मोठ्या अक्षरात नाव लागतं, आणि शिवाय आम्ही प्रेक्षकही ते मागत नाही. आम्हाला तीच चव हवी आणि वर नवलही हवं.

तरीही माझं मन मानत नव्हतं, कारण एक आक्षेप राहतोच. दर भाद्रपदात आम्ही काय करतो? नवी माती, नवा रंग, नवा साचा. मागच्या वर्षीचा गणपती मोती तलावात विरघळलेला. तरी यंदाचा घरी आला की आई म्हणते, "आला बाई एकदाचा." तोच आला. कुणी म्हणत नाही की मागच्या सालचा सोंडेला बरा होता. हा तर भाग साठावा झाला माझ्या घरातला, आणि एकदाही निराशा नाही.

आणि याच जिल्ह्यातली याच्या अगदी उलट गोष्ट. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे रामदास स्वामींचं जन्मगाव. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या देवघरातल्या राम, लक्ष्मण, सीता वगैरे पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. सगळा जिल्हा हळहळला. मीही गेलो होतो तिथं. रिकाम्या देव्हाऱ्यापुढं माणसं मान खाली घालून उभी होती. कुणीतरी बोलून गेलं, नव्या करता येतील की. त्याच्याकडं सगळ्यांनी असं पाहिलं की तो बाजूला जाऊन तंबाखू मळायला लागला. दिवाळीच्या आसपास पोलिसांनी मूर्ती शोधून काढल्या, तेव्हा लोकांनी फटाके लावले.

माणसं तीच, धर्म तोच. एकीकडं दरसाल नवी मूर्ती चालते आणि दुसरीकडं नवी हे नावही काढायचं नाही. माझ्या मते फरक विसर्जनात आहे. गणपती येताना आवाहन असतं आणि जाताना उत्तरपूजा. अक्षता टाकून मूर्ती जागची हलवली की त्या मातीतला देव गेला. मग आपण ती पाण्यात सोडतो आणि पुढच्या वर्षी लवकर यायचं आमंत्रण देतो. आमंत्रण मूर्तीला नसतं, ती तर तिथंच विरघळत असते. जुनं सोडलेलं असतं म्हणून नव्यात त्याला बोलावता येतं. जांबच्या मूर्तींचं विसर्जन कुणी केलेलं नव्हतं. त्यांची सवय, त्यांचं झिजणं, पिढ्यांचे हात, हेच तिथलं दैवत झालेलं.

माझ्या मनात लक्ष्याची मूर्ती पंचधातूची होती. मी तिचं विसर्जन केलेलं नव्हतं, चहा टाकून उठलो होतो एवढंच. २०१३ साली त्याच नावावर शाडूची मूर्ती समोर आली. शाडू वाईट नसते. पण देव्हारा रिकामा नव्हता.

बायकोचा अनुभव माझ्याहून साधा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सचिन पिळगांवकरांचा 'नवरा माझा नवसाचा २' आला. पहिला २००४ चा तिचा फार लाडका. मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी आणि तिच्यात कंडक्टर अशोक सराफ. दुसऱ्यात एसटीच्या जागी कोकण रेल्वे आणि अशोक सराफ तिकीट तपासनीस. ती हसली बऱ्याच ठिकाणी. घरी आल्यावर म्हणाली, "चांगला होता. पण नवस फेडून झाला होता ना त्यांचा?" ती अंगारकीला जमेल तेव्हा राजूरच्या गणपतीला पायी जाते. नवस फेडला की देवाशी उधारी संपते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. नंतर त्याच देवाला पुन्हा जाता येतं, दर्शनाला. पण फेडलेलाच नवस पुन्हा फेडता येत नाही.

आमच्यासोबत फिल्डवर एक सहकारी होता, बौद्ध, वाचणारा माणूस. त्याला मी हे सगळं एकदा ऐकवलं. त्यानं मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षूंचा संवाद काढला. रात्रभर एक दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एक नाही. मग वेगळी का? तीही नाही. तो म्हणाला, "तू सिनेमावर खुशाल रागाव. पण १९९३ ला तिकीट काढणारा पोरगा तरी तू आहेस का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी गाडीला किक मारली.

त्याचं म्हणणं किती खरं होतं ते घरातच दिसलं. मुलगा चौदा-पंधराचा असताना टीव्हीवर जुना 'झपाटलेला' लागला. मी त्याला हाताला धरून बसवलं. म्हटलं, हा बघ, हा खरा. तो अर्ध्या तासात मोबाइल काढून बसला. "पप्पा, यात बाहुला बाहेरच येत नाही." आणि थोड्या वेळानं, लक्ष्या बोबडी वळून ओरडत होता तेव्हा, "हे काका कोण? हे जरा जास्तच करतात." त्याच्यासाठी पहिला भाग २०१३ चा. काळा चष्मा, एसटी, औरंगाबादला खाल्लेली पावभाजी, शेजारी बसलेला बाप. त्याचा मेळ तिथं जुळला होता, आणि माझ्यामुळंही जुळला होता. उद्या तिसरा भाग आला तर तोच तोंड पाडून येईल आणि त्याचं पोरगं त्याला चिडवेल.

एक गोष्ट मी या सगळ्यात मुद्दाम मागं ठेवली होती. २०१३ चा तो जून म्हणजे दुष्काळ संपत आलेला काळ. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला, आणि जालना जिल्ह्याइतकी होरपळ फार थोड्या ठिकाणी झाली असेल. वडिलांनी लावलेली दीडशे मोसंबीची झाडं, सोळा-सतरा वर्षांची, ऐन बहारातली. जानेवारीपासून टँकर विकत घेतले. मार्चमध्ये पैसे संपले. मे महिन्यात करवतवाले बोलावले. तोडलेल्या खोडाला आतून अजून ओल होती. वडील बांधावर बसून होते, काही बोलले नाहीत. ७ जूनला मृगाच्या तोंडावर सिनेमा लागला, आणि पुढच्याच आठवड्यात मी पोराला घेऊन गेलो ते खरं म्हणजे त्या वावराकडं बघायचं नव्हतं म्हणून. अशा माणसासमोर कुठलाही दुसरा भाग टिकला नसता. कोठारेंना हे कुठून ठाऊक असणार.

२०१६ मध्ये शेततळं झाल्यावर आम्ही पुन्हा मोसंबी लावली. जुन्या वावरात लावली नाही, तिथली मुळं कुजायची होती. विहिरीपलीकडं लावली. वाण तोच, न्यूसेलर. खुंट तोच, जंबेरी. आता ती झाडं भरात आहेत आणि फळाला नाव ठेवायला जागा नाही. जुन्या जागी सोयाबीन असतं, घरच्या बियाचं.

परवा फवारणीसाठी नवा पोरगा बोलावला होता. त्याला फोनवर सांगितलं, थेट बागेत ये. अर्धा तास झाला तरी येईना. तो विहिरीपलीकडं, मोसंबीच्या झाडाखाली पंप उतरवून आमची वाट बघत बसलेला. माझ्या मुलानं त्याला पुन्हा फोन लावला.

"अरे, ती नाही. ती मोसंबी आहे. बागेकडं ये, सोयाबीनमध्ये."